महागाई आणि खेड्यातला विद्यार्थी



महागाईवर बोलायला कुणाला बोलवावे लागत नाही. आठवडी बाजारात, एसटीच्या थांब्यावर, पिठाच्या गिरणीत उभे राहा. तेल काय भाव झाले, डाळ काय भाव झाली, हे ऐकायला मिळतेच. नोकरदार बोलतो, घरधनीण बोलते, व्यापारी तर सगळ्यांहून मोठ्याने बोलतो! या सगळ्या गलक्यात एक जण मात्र गप्प असतो. तो म्हणजे शिकायला म्हणून घराबाहेर राहिलेला मुलगा किंवा मुलगी. पैसा बापाचा, कष्ट आईचे. मग आपण कुठल्या तोंडाने तक्रार करावी, असे त्याला वाटते. म्हणून तो काय करतो? आधी दूध बंद करतो. मग सकाळचा नाश्ता. मग खाणावळीचा डबा दोन वेळचा होता तो एक वेळचा करतो आणि दुसऱ्या वेळेला वडापाव खाऊन पाणी पितो. फोनवर आईने विचारले, ‘जेवलास का रे?’, तर ‘हो, जेवलो’ म्हणतो. हे खोटे बोलणे महागाईच्या कुठल्याही निर्देशांकात मोजले जात नाही.

आपल्याच भागातले पाहू. औंढा नागनाथ तालुक्यात पूर्णा नदीवर सिद्धेश्वर आहे. वरच्या अंगाला येलदरी, खाली सिद्धेश्वर, ही दोन्ही धरणे १९६० च्या दशकात बांधून झाली. त्यांच्या पाण्याने परभणी, हिंगोली आणि नांदेडकडची जमीन भिजली. या परिसरातले मूल शिकू लागले म्हणजे त्याची वाट कशी जाते? पहिली काही वर्षे गावातली किंवा शेजारची शाळा. मग औंढ्याला. अकरावी-बारावीला हिंगोली नाहीतर वसमत. पुढे नांदेड, परभणी. आणि स्पर्धा परीक्षेचे वेड लागले तर थेट छत्रपती संभाजीनगर किंवा पुणे. एकेकाळी, निजामाच्या राज्यात, पदवीसाठी हैदराबाद गाठावे लागे. १९५० साली औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय आणि नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले, १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ झाले, १९९४ साली नांदेडला दुसरे विद्यापीठ झाले. शिक्षण जवळ आले, यात शंका नाही. परंतु ‘जवळ’ म्हणजे अजून घरच्या चुलीइतके जवळ नाही. खोली करावीच लागते आणि डबा लावावाच लागतो.

आणि खरा खर्च इथेच आहे, मंडळी. आपण शिक्षणाच्या खर्चाचे नाव काढले की फीबद्दल बोलतो. फीमध्ये सवलती आहेत. २०२४ च्या जुलैत राज्य सरकारने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या, आर्थिक दुर्बल, सामाजिक मागास आणि इतर मागास वर्गांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली. चांगले झाले. परंतु सिद्धेश्वरकडची मुलगी नांदेडला राहणार कुठे आणि खाणार काय, हा प्रश्न फी माफ झाल्याने सुटत नाही. खोलीची अनामत, भाडे, डबा, अभ्यासिकेचे पैसे, फोनचे रिचार्ज, सणावाराला येण्याजाण्याचे भाडे, यांत घराचे कंबरडे मोडते. आणि महागाई वाढते ती नेमकी या बाबींत.

आता वेळेचा मेळ पाहा. महाविद्यालय उघडते जून-जुलैत. शेतकऱ्याच्या घरात त्याच दिवसांत बियाणे, खत, फवारणी, पेरणीची मजुरी असते. पैसा जायचा तो काळ. यायचा तो दिवाळीच्या आगेमागे, सोयाबीन निघाल्यावर. आणि सोयाबीनचे तरी काय सांगावे? २०२१ च्या पावसाळ्यात क्विंटलचा भाव दहा हजारांच्या वर गेला होता; पण तो व्यापाऱ्याच्या कोठारातल्या मालाला, शेतकऱ्याचे पीक तेव्हा शेतात उभे होते. २०२४ ला माल हातात आला तेव्हा हमीभाव ४,८९२ रुपये असूनही बाजारात त्याहून कमी मिळत होते. शहरातल्या माणसाला महागाई म्हणजे भाव चढले एवढेच कळते. खेड्यातल्या बापाला ती दोन बाजूंनी चावते. विकायचे ते उतरते आणि विकत घ्यायचे ते चढते.

आजच्या बोलण्यातला खरा मुद्दा शिक्षक मंडळींना उद्देशून आहे. गुरुजी, आपल्या पगारात महागाई भत्ता नावाचा एक रकाना असतो. भाव वाढले की निर्देशांक वाढतो, निर्देशांक वाढला की वर्षातून दोनदा भत्त्याचा हिशेब होतो. सातव्या वेतन आयोगाचा पाया १ जानेवारी २०१६ चा. तिथपासून चढत चढत १ जानेवारी २०२४ ला हा भत्ता मूळ पगाराच्या ५० टक्के झाला. म्हणजे आठ वर्षांत जगणे दीडपट महाग झाले, असे सरकारनेच आपल्या वहीत लिहून ठेवले. आता दुसरी वही उघडू. २०१६-१७ साली अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना निघाली. ज्यांना सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही त्यांच्या खात्यात पैसे द्यायचे. हिंगोलीसारख्या जिल्ह्याच्या गावी वर्षाला ४३,०००. त्यात जेवणाचे २५,०००, राहण्याचे १२,००० आणि किरकोळ ६,०००. योजना उत्तम. तिच्यावर कितीतरी मुले शिकली. परंतु २०२३ च्या अखेरीस इतर मागास व भटक्या-विमुक्त वर्गांतल्या मुलांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना काढली, तेव्हाही जिल्ह्याच्या गावासाठी आकडा तोच ठेवला, ४३,०००. कर्मचाऱ्याच्या वहीत जगणे दीडपट महागले आणि विद्यार्थ्याच्या वहीत ते सात वर्षांपूर्वीच्या भावाला थांबून राहिले! कर्मचाऱ्याचाच दंडक लावला तर जेवणाचे २५,००० हे ३७,५०० व्हायला हवे होते. मी गुरुजींच्या भत्त्यावर डोळा ठेवून हे बोलत नाही, गैरसमज नसावा. तो भत्ता रास्त आहे. एकाच बाजारातून भाजी घेणाऱ्या दोघांना दोन वेगवेगळे हिशेब का, एवढेच विचारतो.

याहून जुने उदाहरण हवे असेल तर आपल्या प्राथमिक शाळेतच आहे. १९९२ साली राज्याने दारिद्र्यरेषेखालच्या अनुसूचित जाती-जमाती व भटक्या-विमुक्तांच्या मुलींना, पहिली ते चौथीपर्यंत, हजेरीच्या दर दिवसाला एक रुपया भत्ता सुरू केला. मुलगी शाळेत टिकावी म्हणून. तेव्हा रुपयाला काही किंमत होती. मूल हातात रुपया घेऊन दुकानात गेले तर काहीतरी घेऊन येई. तीस वर्षांनी, २०२२ सालीही, तो रुपया रुपयाच होता. कुणी कमी केला नाही, कुणी बंद करा म्हणून सभेत ठराव मांडला नाही. नुसता तसाच ठेवला, आणि तसाच ठेवल्याने तो संपला.

आता त्याच शाळेतले खिचडीचे पातेले पाहा. १५ ऑगस्ट १९९५ ला शालेय पोषण आहाराची केंद्राची योजना सुरू झाली. तेव्हा शिजवलेले अन्न नव्हते, महिन्याला तीन किलो धान्य घरी न्यायचे. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या आदेशानंतर शाळेत शिजवून देणे आले. हिशेब होता मुलामागे दिवसाला शंभर ग्रॅम धान्याचा. आजही प्राथमिकच्या मुलाला शंभर ग्रॅमच. शंभर ग्रॅम तांदूळ १९९५ साली जेवढी भूक भागवत होता तेवढीच आजही भागवतो. त्याला महागाई शिवत नाही. त्याच योजनेतला दुसरा भाग मात्र, म्हणजे डाळ, तेल, भाजी, मसाला यांचा खर्च, रुपयांत ठरतो. तो वारंवार वाढवावा लागतो. १ मे २०२५ पासून तो प्राथमिकसाठी ६ रुपये ७८ पैसे आणि उच्च प्राथमिकसाठी १० रुपये १७ पैसे झाला. वाढवायला उशीर झाला की वरण पातळ होते. हे गुरुजींना मी सांगायला नको. एकाच पातेल्यात दोन प्रकारची मदत शिजते आहे. वजनात ठरलेली टिकते आणि रुपयात ठरलेली आटते.

हाच न्याय घराघरांत लागू पडतो. आपल्या हिंगोलीसह मराठवाड्यातले आठ, अमरावती विभागातले पाच आणि वर्धा अशा १४ जिल्ह्यांत, केशरी कार्डाच्या शेतकरी कुटुंबांना २०१५ पासून माणशी पाच किलो धान्य दोन-तीन रुपये किलोने मिळत असे. २०२३ मध्ये धान्याऐवजी माणशी महिन्याला १५० रुपये खात्यात देण्याचे ठरले, पुढे १७० झाले. पाच किलोंचे १७०, म्हणजे किलोला चौतीस रुपये. भाव चौतीसच्या आत आहे तोवर ठीक. वर गेला की उरलेले घरातून घालायचे. शिवाय धान्य आले तर ते डब्यात पडते आणि पोरांच्या पोटात जाते. खात्यात आलेले १७० रुपये कुठल्या कामात गेले ते घरच्या बाईलाही कळत नाही. वसतिगृहातल्या मुलांनी हे फार लवकर ओळखले. २०१८ साली आदिवासी विकास विभागाने आपल्या वसतिगृहांतल्या खाणावळी बंद करून मुलांच्या खात्यात जेवणाचे पैसे टाकण्याचा निर्णय घेतला. आपल्या कळमनुरीलाही या विभागाचे प्रकल्प कार्यालय आहे, म्हणून ही गोष्ट परकी समजू नका. त्या जुलैत राज्यातली आदिवासी मुले-मुली पुण्याहून नाशिककडे पायी निघाली. मागणी काय? पैसे वाढवा, ही नव्हे. खाणावळ परत सुरू करा, ही. सिन्नर तालुक्यात नांदूर-शिंगोट्याजवळ पोलिसांनी मोर्चा अडवला. हातात रोख पैसे मिळत असताना भाकरी मागणारी ही पोरे वेडी नव्हती. पैसे उशिरा येतात आणि भूक वेळेवर येते, हे त्यांना ठाऊक होते.

खाणावळीच्या बिलाला हलके समजू नये. १९७३ च्या डिसेंबरात अहमदाबादच्या एल. डी. इंजिनियरिंग कॉलेजात वसतिगृहाच्या जेवणाचा खर्च वाढवला, त्यातून नवनिर्माण आंदोलन पेटले आणि १९७४ च्या फेब्रुवारीत गुजरातचे मुख्यमंत्री चिमणभाई पटेल यांना राजीनामा द्यावा लागला.

आता कुणी म्हणेल, रोख पैशाला इतकी नावे का ठेवता? खाणावळीच्या ठेकेदाराची डाळ आम्ही पाहिली आहे, तिच्यात तळ दिसतो! हे म्हणणे खोटे नाही. रोख पैशात मुलाला मोकळीक असते, लाचारी नसते. आमचा विरोध रोख रकमेला नाही, ती ठरवून विसरून जाण्याला आहे. केंद्राच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत अनुसूचित जातीच्या, वसतिगृहात राहून साधी पदवी शिकणाऱ्या मुलाला २०१० च्या दराने महिन्याला ५७० रुपये निर्वाह भत्ता असे. दहा महिन्यांचे ५,७००. अकरा वर्षांनी, २०२१ मध्ये, दर सुधारले आणि ते वर्षाला ६,००० झाले. अकरा वर्षांत तीनशे रुपयांची वाढ! अकरावी-बारावीच्या वसतिगृहातल्या मुलाला वर्षाला ४,०००; म्हणजे दिवसाला अकरा रुपयेसुद्धा पडत नाहीत. आणि या शिष्यवृत्तीला उत्पन्नाची मर्यादा अडीच लाखांची, ती २०१३ पासूनची. महागाईबरोबर मजुरी थोडी वाढली, दोघे नवरा-बायको राबू लागले, की कागदावर कुटुंब ‘सुधारते’ आणि मर्यादेच्या बाहेर जाते. पोट मात्र होते तिथेच असते.

जुन्या लोकांनी यातून वाट कशी काढली होती? वार लावून जेवण्याची पद्धत आपण ऐकून आहोत. सात वारांची सात घरे. भाव कितीही वाढोत, वाराचे ताट तेवढेच. पण ती वाट बहुतेक एका जातीच्या मुलांपुरती होती, आणि तिच्यात ओशाळेपणाही होता. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात जातीजातींची वसतिगृहे उभी करायला घेतली, कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्याला सर्व जातींच्या मुलांचे एकत्र बोर्डिंग काढले. त्या बोर्डिंगसाठी घराघरांतून मूठ मूठ धान्य गोळा होई. लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडून मुलांना जेवू घातले, ही हकिगत सर्वांना माहीत आहे. मला त्यातली मूठ महत्त्वाची वाटते. देणाऱ्या बाईने रुपयांत नव्हे, मुठीत मोजले. म्हणून भाव वाढला तरी मुलाच्या ताटातली भाकरी लहान झाली नाही.

आपल्याकडे ही मूठ एका वेगळ्या रूपाने जिवंत आहे. पहाटे आई भाकरी, भाजी, ठेचा डब्यात भरते, डब्यावर नाव लिहिते आणि गावच्या एसटीत ठेवून देते. तालुक्याच्या स्थानकावर मुलगा तो उतरवून घेतो. मराठवाड्यात कितीतरी मुले अशा डब्यांवर शिकली. हा डबा म्हणजे महागाईवरचा फार मोठा उपाय आहे, कारण त्यातले धान्य बाजारातून फिरून येत नाही. त्याला धोके दोन. एक एसटीचा. ऑक्टोबर २०२१ पासून पुढच्या एप्रिलपर्यंत कर्मचाऱ्यांचा संप चालला. डबेही थांबले आणि शाळेला जाणाऱ्या मुलीही घरी बसल्या. दुसरा धोका आपल्याच शेतात आहे. कालव्याचे पाणी आले, हळद आली, नंतर सोयाबीन आले. सोयाबीन विकता येते, चुलीवर भाकरी करून खाता येत नाही. ज्वारीचा पेरा हटला आणि आज शेतकऱ्याच्या घरात ज्वारी विकत येते. म्हणजे डबाही बाजाराच्या हातात गेला! ज्याचे मूल शिकायला बाहेर आहे त्याने रब्बीत थोडी तरी ज्वारी घरापुरती पेरावी, असे मी आग्रहाने म्हणेन. कृषी अधिकारी नफ्याचा हिशेब करून काही म्हणोत.

मुलींविषयी वेगळे बोलले पाहिजे. खर्च झेपेना झाला की घरात दोन मुलांपैकी आधी कुणाला परत बोलावतात? उत्तर सर्वांना ठाऊक आहे. आणि परत आलेली मुलगी किती दिवस घरात राहते? २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, आपल्या शेजारच्या परभणी जिल्ह्यात वीस ते चोवीस वयाच्या शंभर स्त्रियांतल्या ४८ जणींचे लग्न अठरा पूर्ण होण्याआधी झालेले आढळले. याचे सगळे खापर महागाईवर फोडता येणार नाही. परंतु डब्याचे पैसे थकणे आणि स्थळ पाहायला लागणे यांत अंतर फार थोडे असते, हे खेड्यातले शिक्षक जाणतात.

तेव्हा शिक्षकांनी आणि पालकांनी हातचे काय ते करावे. एसटीच्या पासात विद्यार्थ्याला तिकिटाच्या तिसऱ्या हिश्शाइतकेच पैसे भरावे लागतात, आणि बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत पास फुकट आहे. ही सवलत हिश्शाने ठरलेली. जानेवारी २०२५ मध्ये भाडे जवळजवळ १५ टक्क्यांनी वाढले तेव्हा पासाचे पैसेही वाढले, पण फुकटचा पास फुकटच राहिला. शाळेने मुलांची यादी वेळेवर आगारात दिली तर पास शाळेतच मिळतो, अशी सोय अलीकडे महामंडळाने केली आहे. दुसरे, एक देश एक शिधापत्रिका. घरातल्या कार्डावर नाव असलेला मुलगा नांदेडला राहत असेल तर त्याच्या वाट्याचे धान्य तिथल्या रास्त भावाच्या दुकानातून अंगठा लावून उचलता येते, बाकीचे घरच्यांनी गावी घ्यावे. चार मुलांनी एका खोलीत मिळून हे केले तर महिन्याचे वीस किलो धान्य होते, आणि २०२३ पासून ते मोफत आहे. तिसरे, वह्या-पेन्सिली. २२ सप्टेंबर २०२५ पासून वह्या, पेन्सिल, खोडरबर, नकाशे यांवरचा जीएसटी शून्य झाला आहे. दुकानदाराने तो उतरवला की नाही, हे घाऊक खरेदी करणाऱ्या शाळेने पावतीवर पाहावे. एकट्या मुलाला ते विचारायचे धाडस होत नाही.

आणि चौथे काम मे महिन्यातले आहे. शिष्यवृत्ती असो की स्वाधार, अर्ज अडतो तो उत्पन्नाच्या आणि जातीच्या दाखल्यावर, नाहीतर बँकेच्या खात्याला आधार जोडलेले नसते त्यावर. पेरणी सुरू झाली की बापाला तहसीलला जायला सवड नसते, आणि निकाल लागल्यावर तिथे रांग लागते. दहावी-बारावीच्या वर्गशिक्षकांनी परीक्षा संपल्या संपल्या आपल्या मुलांची यादी करावी, कुणाचा कुठला कागद नाही ते तिच्यासमोर लिहावे, आणि गावातल्या एखाद्या शिकलेल्या मुलाला सोबत देऊन चार-पाच पालकांना एकाच दिवशी औंढ्याला पाठवावे. एका मजुरीच्या खाड्यात काम होते. पुढे जूनमध्ये तेच काम तीन खाड्यांत होत नाही.